किल्ली आत, कंपनी बाहेर

पलीकडच्या कुलूप कंपनीत चोरी झाली, ही बातमी कळली तेव्हा आमच्या कथेचा नायक चहात बिस्कीट बुडवत होता. बातमी वाचता वाचता बिस्कीट चहात पडलं आणि तळाला गेलं, तरी त्याला वाईट वाटलं नाही. चोरांनी कॉम्प्युटर नेले होते, पंखे नेले होते आणि जाता जाता प्रवेशद्वारावरचं शोभेचं पितळी कुलूपही उचकटून नेलं होतं. ते कुलूप चांगलं वासराएवढं होतं. कुलूप विकणाऱ्यांचंच कुलूप गेलं म्हटल्यावर सगळं गाव हसणारच. त्यातून चोरांना काही फोडावंही लागलं नव्हतं. सकाळी झाडायला येणाऱ्या बाईंची सोय म्हणून दाराची किल्ली दाराशेजारच्याच खिळ्याला टांगून ठेवायची त्या कंपनीची जुनी पद्धत होती.

नायकाला आनंद व्हायला दोन कारणं होती. एक म्हणजे तो स्वतः दुसऱ्या कुलूप कंपनीत प्रशासन अधिकारी होता. दुसरं कारण जास्त जवळचं. त्या दिवशी किल्ली खिळ्याला लावणारा माणूस त्याचा सख्खा साडू होता.

साडू या नात्याबद्दल एवढंच सांगतो की भाऊ भावाला माफ करतो, शेजारी शेजाऱ्याला करतो, पण दोन साडू एकमेकांना फार तर सहन करतात. हा साडू मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणून रविवारी सासूबाईंकडे पहिलं ताट त्याचं. कामही असं ऐटीचं की विचारू नका. दुसऱ्या कंपन्यांची कुलपं बाजारातून विकत आणायची आणि ती किल्लीशिवाय उघडून बघायची. प्रत्येक कुलूप कंपनी असा एक माणूस पदरी ठेवते. आमच्या नायकाच्या मालकांनी तेवढा ठेवला नव्हता, कारण आपलं कुलूप कुणी उघडू शकेल हेच त्यांना मान्य नव्हतं. साडू जेवताना सांगायचा की माझ्या हातून न उघडलेलं कुलूप अजून जन्माला यायचंय, आणि सासूबाई कौतुकानं त्याला आणखी एक पोळी वाढायच्या. चोरीनंतर कंपनीनं त्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं. त्या रविवारी आमच्या नायकानं खिळ्याची गोष्ट सासूबाईंना, मेव्हणीला आणि जेवायला आलेल्या लांबच्या आत्यालासुद्धा पुन्हा पुन्हा सांगितली. साडू खाली मान घालून भात कालवत राहिला. बायकोनं टेबलाखालून पाय मारला, तो नायकानं पाय लागला असं समजून सोडून दिला.

सोमवारी मालकांनी बैठक बोलावली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी त्यांनी सुरुवात केली. आता पलीकडच्या कंपनीची गिऱ्हाइकं आपल्याकडे वळणार; एका मोठ्या बँकेच्या खरेदी अधिकारी बाई तर सगळ्या शाखांसाठी कुलपं घेण्याच्या विचारात आहेत आणि लवकरच बघायला येणार आहेत. अशा वेळी आपल्याकडे तसलं काही झालं तर? सगळे आपापल्या वहीत बघायला लागले. ज्यांनी नोकरीत केस पांढरे केले त्यांना ठाऊक असतं की बैठकीत जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. आमच्या नायकाचेही केस पांढरेच होते, पण त्या दिवशी तो साडूवरच्या विजयाच्या धुंदीत होता. तो म्हणाला, "काहीतरी धोरण पाहिजे." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बैठक संपली तेव्हा तो जोखीम अधिकारी झाला होता, आणि चहा येईपर्यंत सगळी कंपनी त्याला जोखीमराव म्हणायला लागली होती. आपणही तेच म्हणू.

धोरण कसं करतात हे जोखीमरावांना माहीत नव्हतं, पण सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचे निवृत्त पोलीस म्हणाले की चोर नेहमी आतलाच असतो, तेव्हा कुणावरही विश्वास ठेवू नका. पहिला संशय मालकावर घ्या. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कुत्रं पाळा म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या कुत्रीला नुकतीच पिल्लं झाली आहेत हेही सांगितलं. न्हाव्यानं अर्धी दाढी झाल्यावर स्वतःच्या दुकानातल्या चोरीची हकिकत सुरू केली, त्यामुळे उरलेली अर्धी दाढी होईपर्यंत ऐकणं भागच होतं. बायकोला कुणी विचारलं नव्हतं, तरी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "एका माणसाकडे किल्ली द्या आणि त्याला वेळेवर यायला सांगा. झालं." जोखीमराव हसले. एवढ्या साध्या गोष्टीला धोरण म्हणत नाहीत.

दाराला कोणतं कुलूप लावायचं यावरून आधी कंपनीत भांडणं झाली. ज्यानं त्यानं आपापल्या विभागाचं कुलूप पुढे केलं. शेवटी फोरमननं आपला लाडका 'अभेद्य' आणला. हे कुलूप नुसतं दार ओढलं की लागायचं, उघडायला मात्र दोन वेगवेगळ्या किल्ल्या एकदम फिरवाव्या लागायच्या. त्याच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलं होतं: किल्लीशिवाय उघडून दाखवा. बँकेला दाखवायचं कुलूपही हेच, तेव्हा तेच दाराला लावलं.

आता दोन किल्ल्या कुणाकडे ठेवायच्या? निवृत्त पोलिसांचा सल्ला जोखीमरावांच्या डोक्यात पक्का बसला होता. किल्ली कुणाकडे आहे हे कळलं की त्या माणसाला फितवता येतं. मग कुणालाच कळू द्यायचं नाही. दर शनिवारी संध्याकाळी शिपायापासून मालकांपर्यंत सगळ्यांनी एकेक बंद पाकीट उचलायचं. दोन पाकिटांत किल्ल्या, बाकीच्यांत तेवढ्याच वजनाचे वायसर, म्हणजे नटबोल्टच्या चकत्या. किल्ली आली ते सांगायचं नाही, नाही आली तेही सांगायचं नाही. जो सांगेल त्याच्यावर कारवाई. जोखीमरावांनासुद्धा कळणार नव्हतं, कारण धोरण करणाऱ्यावर तरी विश्वास का ठेवावा? जादा किल्ल्यांचा जोड सर्वांत सुरक्षित जागी, म्हणजे आत मालकांच्या तिजोरीत ठेवला. मालक खूश झाले.

एक बारीकशी अडचण उरली. सकाळी दार उघडताना किल्लीवाले दोघं सगळ्यांना दिसणार. त्यावर जोखीमरावांनी जो उपाय काढला तो आठवला की त्या कंपनीतली माणसं अजूनही घसा साफ करतात. सकाळी सगळ्यांनी कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून उभं राहायचं. मग ज्यांच्याकडे किल्ल्या असतील त्यांनी हळूच मागे जायचं, दार उघडायचं आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करायचं. वॉचमननंही पाठ करायची. त्याचा पगारच बघण्याचा होता, म्हणून त्याला ते जरा लागलं.

पहिल्याच दिवशी बांगड्या वाजल्या आणि हिशेबनीस बाईंकडे एक किल्ली आहे हे सगळ्यांना कळलं. दुसरी किल्ली विक्रीप्रमुखांकडे असल्याचं त्यांच्या खोकल्यानं सांगितलं. तरी सगळ्यांनी काही न कळल्याचा चेहरा केला, कारण धोरण धोरण असतं. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. कुणाला वाटायचं कवायत आहे, कुणाला वाटायचं शिक्षा आहे. समोरच्या शाळेतली मुलं तर रोज फाटकाशी येऊन हसायची. पुढच्या आठवड्यात सगळे भिंतीकडे तोंड करून उभे असताना मागच्या मागे फोरमनची सायकल गेली. वॉचमनसह सगळी कंपनी हजर होती आणि एकानंही काही पाहिलं नव्हतं. फोरमननं जोखीमरावांना काही म्हटलं नाही. तो फक्त त्या दिवसापासून चालत यायला लागला आणि रोज त्यांच्या टेबलासमोर उभा राहून घाम पुसायला लागला. जोखीमरावांनी धोरणात सायकलींचं कलम घातलं.

आणि तो सोमवार उजाडला. मालक बँकेच्या बाईंना आणायला स्टेशनवर गेले होते. कंपनी इस्त्रीचे कपडे घालून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दाराकडे कुणी जाईना. बांगड्या वाजल्या, गेल्या आणि परत आल्या. नंतर काहीच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी जाईल. भिंतीवर एक मुंगळा चढत होता. तो वर जाऊन पलीकडे उतरलासुद्धा. शेवटी जोखीमराव भिंतीलाच म्हणाले की ज्याच्याकडे दुसरी किल्ली असेल त्यानं कृपया उघडावं. मग म्हणाले, कारवाई होणार नाही, नुसता हात वर करा. हात कुणी वर केला नाही. त्यांनी एकेकाच्या पाकिटातला वायसर मोजायला घेतला, आणि बांगड्यांच्या पाकिटातली एक किल्ली सोडली तर बाकी सगळे वायसर निघाले. एकच माणूस उरला होता.

जोखीमरावांनी मालकांना फोन लावला. मालक गाडीतून हळू आवाजात बोलत होते. शेजारी पाहुण्या बसल्या होत्या. हो, किल्ली आपल्याच पाकिटात आली होती, असं ते म्हणाले. घरी नेणं काही बरं नव्हतं, घरी नोकरमाणसं असतात. म्हणून शनिवारी निघताना ती सर्वांत सुरक्षित जागी ठेवून त्यांनी दार ओढून घेतलं होतं.

"तिजोरीत?" जोखीमरावांनी विचारलं.

"मग काय खिळ्याला लावू?" मालक म्हणाले आणि फोन ठेवला.

दाराची किल्ली दाराच्या आत, जादा जोडही तिथंच, कंपनी बाहेर आणि गिऱ्हाईक वाटेवर. कुणीतरी सुचवलं की फोडून टाकू. फोरमन दारासमोर आडवा उभा राहिला. गिऱ्हाईक यायच्या वेळेला 'अभेद्य' फोडलेलं दिसलं तर मग विकायचं काय, असं त्यानं विचारलं. सायकलीच्या वेळी तो एवढा चिडला नव्हता. बरं, खिडक्यांना गज कंपनीचेच, तेही चांगलेच निघाले. इकडे आड आणि तिकडे विहीर. ही ऑर्डर हातची गेली तर आपली रवानगी गावाबाहेरच्या गोदामात होणार हे जोखीमरावांना स्पष्ट दिसत होतं. तिथं उंदीर होते आणि पंखा नव्हता.

त्यांनी बायकोला फोन केला. का केला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बायको म्हणाली, भावजींना बोलवा, त्यांचं कामच ते. जोखीमराव म्हणाले की ते शक्य नाही. बायको म्हणाली, मग गोदामात डबा किती वाजता पाठवू? अडला हरी, दुसरं काय. जोखीमरावांनी साडूला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा 'साडूभाऊ, एक विनंती होती' असं वाक्य उच्चारलं.

साडू स्कूटरवर आला. रजेवरचा माणूस, दाढी वाढलेली, पण हत्यारांची चामडी पिशवी मात्र पुसलेली. खिळ्याचा विषय त्यानं काढला नाही, आणि न काढल्यामुळे जोखीमरावांना तो जास्तच टोचला. "उघडून देतो," तो म्हणाला. "पण बघायचं नाही कुणी. धंद्याची गोष्ट आहे." सगळ्या कंपनीनं सवयीनं भिंतीकडे तोंड केलं. साडू गुडघे टेकून बसला, एक बारीक पट्टी कुलपात घातली, आणि नेमकी त्याच वेळी मालकांची गाडी फाटकातून आत आली.

गाडीतून बँकेच्या बाई उतरल्या. समोर पाहतात तर सगळा स्टाफ भिंतीकडे तोंड करून उभा आणि एक दाढीवाला माणूस दाराशी बसलेला. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. मालकांनी साडूला ओळखलं आणि त्यांचं तोंड उतरलं. पण ते मुरलेले व्यापारी होते. ते म्हणाले की हे पलीकडच्या कंपनीचे कुलपं उघडणारे तज्ज्ञ, गावात यांच्या हाताला तोड नाही. आमच्या कुलपाची परीक्षा घ्यायला मुद्दाम बोलावलंय. बाईंनी हातातली पर्स काखेत धरली आणि म्हणाल्या, "वा. मग उघडू द्या की त्यांना. मी थांबते."

आता काय काय पणाला लागलं होतं ते बघा. कुलूप उघडलं तर ऑर्डर पलीकडच्या कंपनीला. ती मिळवून देणारा साडू दुसऱ्या दिवशी हार घालून कामावर परत. आणि जोखीमराव गोदामात. हे तिथल्या दोघांनाच पुरतं कळत होतं, आणि ते दोघं साडू होते. साडूनं मान वळवून जोखीमरावांकडे पाहिलं. जोखीमरावांना त्याच्याकडे बघवेना. रविवारी आत्याला सांगितलेली गोष्ट त्यांना शब्द न् शब्द आठवत होती.

साडू पुन्हा दाराकडे वळला. त्यानं पट्टी बदलली, दुसरी घातली, तिसरी घातली, कुलपाला कान लावला. कपाळावरून घामाची धार लागली. बाई घड्याळ बघायला लागल्या. विक्रीप्रमुखांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. बऱ्याच वेळानं साडू उठला, गुडघे झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाही उघडत."

फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई खूश झाल्या. आत जायचं राहूनच गेलं, पण मालकांनी तेही निभावलं. कुलूप परीक्षेसाठी म्हणून आज दिवसभर बंदच ठेवायचं आहे असं सांगून ते पाहुण्यांना हॉटेलात जेवायला घेऊन गेले. स्टाफला सुट्टी मिळाली. अंगणात दोघं साडू उरले.

साडूनं इकडेतिकडे पाहिलं, पहिलीच पट्टी परत काढली आणि कुलपात घालून मनगट जरासं वळवलं. दार उघडलं. जोखीमरावांनी रुमाल काढायला खिशात हात घातला होता, तो खिशातच राहिला.

"दुसरी किल्ली नुसती नावाला आहे," साडू म्हणाला. "पहिली नीट फिरली की दुसरीचा खटका आपोआप सरकतो. फोरमनला सांगा, एवढं दुरुस्त करून घ्या."

"मग मघाशी का नाही उघडलंत?"

साडू पट्ट्या पुसून पिशवीत ठेवत होता. "एका सासूचा एक जावई घरी बसलाय, तेवढा पुरे," तो म्हणाला, आणि स्कूटरला लाथ मारून निघून गेला.

इथं गोष्ट संपली असती तर जोखीमरावांना फार बरं वाटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी विक्रीप्रमुखांनी जाहिरातीचा कागद तपासायला आणून दिला. त्यावर साडूचा गुडघे टेकलेला फोटो होता, घाम, दाढी सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि वर लिहिलं होतं: प्रतिस्पर्ध्याच्या तज्ज्ञानं गुडघे टेकले! शहरभर फलक लागणार होते. फलक लागल्यावर त्या माणसाला कुठलीही कुलूप कंपनी दारात उभी करणार नाही, हे समजायला अक्कल लागत नव्हती. जोखीमरावांनी कागद उलटा ठेवला. मग सरळ केला. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. गोदामात पंखा बसवता येईल का, याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग उठले आणि मालकांच्या केबिनमध्ये गेले.

मालकांना ते खरं वाटेना. 'अभेद्य' उघडतं म्हणजे काय? साडूला पुन्हा बोलावणं गेलं. तो आधी नकोच म्हणत होता, मला कशाला यात ओढता म्हणाला, पण आला. मालक नीट बघता यावं म्हणून चष्मा काढून पुसायला लागले. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत दार उघडं होतं. मालक तिथंच पायरीवर बसले. बराच वेळ ते पायरीवरची धूळ बोटानं सारखी करत होते.

"कालच उघडलं होतं?" त्यांनी जोखीमरावांना विचारलं.

"हो. तुम्ही जेवायला गेल्यावर."

"आणि हे तुम्ही मला सांगताय. स्वतःहून."

जोखीमरावांनी जाहिरातीचा कागद पुढे केला.

मालकांनी जाहिरातीचा कागद फाडला आणि बाईंना फोन केला. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. बाहेर एवढंच ऐकू आलं की मालक सारखं 'बरोबर आहे, बरोबर आहे' म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी बाईंचा निरोप तेवढा सांगितला: कुलूप दुरुस्त करा, मग पुन्हा बघू, आणि पुढच्या वेळी परीक्षा घेणारा माणूस मी आणीन. ऑर्डर गेली नाही आणि आलीही नाही. मग मालकांनी साडूला आत बोलावून कंपनीत यायचं का म्हणून विचारलं. आपली कुलपं उघडून दाखवायची, आणि जोखमीचं सगळं खातंही त्यानंच बघायचं. केबिनसुद्धा मिळणार होती. जोखीमरावांना केबिन कधीच मिळाली नव्हती. ते परत प्रशासनाच्या जुन्या टेबलावर आले, पण लोक काही नाव बदलायला तयार झाले नाहीत.

रविवारी सासूबाईंकडे मेव्हणी नवऱ्याला म्हणाली की लोक म्हणतात तुम्हाला एक कुलूप उघडता आलं नाही. साडू नेहमीसारखी मान खाली घालून भात कालवायला लागला. जोखीमरावांनी घास खाली ठेवला. त्यांनी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आपल्या धोरणासकट, भिंतीसकट, वायसरसकट. खिळ्याला लावलेली किल्ली निदान बाहेर तरी होती, असंही ते म्हणाले. आत्या त्या दिवशी आली नव्हती, म्हणून त्यांनी तिला फोन लावून परत सांगितली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि पहिली पोळी साडूच्या पानात वाढली. दुसरी जोखीमरावांच्या.

साडूच्या कामाच्या पहिल्या दिवशी कंपनी सवयीनं भिंतीकडे तोंड करून उभी होती. साडूनं सगळ्यांना वळायला सांगितलं. लोक बिचकत वळले. त्यानं दुरुस्त केलेल्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या एका कडीत अडकवल्या आणि जोखीमरावांच्या हातात दिल्या.

"या यांच्याकडे राहतील," तो सगळ्यांना म्हणाला. "यांच्याकडे आहेत हे सगळ्यांना माहीत असू दे. जादा जोड मालकांच्या घरी. आणि तुम्ही, साडूभाऊ, वेळेवर येत जा."

जोखीमरावांनी किल्ल्या मुठीत धरल्या. चोरीपासून आतापर्यंत या कंपनीत कुणी कुणावर विश्वास ठेवायचा नाही हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. "धोरण चांगलं आहे," ते म्हणाले. "कुठून काढलंत?"

"तुमच्या घरी फोन केला होता," साडू म्हणाला. "आमच्या मेव्हणीबाई भाजी निवडत होत्या."

मग सगळ्या कंपनीदेखत जोखीमरावांनी दार उघडलं.